सूर्याच्या ढगाचे तास मोजणारी पट्टी

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. दीड हात लांब, चार बोटे रुंद, आणि वयाने तुमच्यापैकी बहुतेकांच्या आईइतकी. मित्रांनो, पट्टी म्हटले की तुम्हाला वहीत रेघा मारायची पट्टी आठवेल. मी त्यातली नाही. मी आयुष्यात एकही रेघ मारलेली नाही. सूर्यावर स्फोट झाला की तिथून उडालेला ढग पृथ्वीपाशी किती तासांनी पोचेल, एवढेच मी सांगते. अशी पट्टी जगात दुसरी नाही, असे माझे सर म्हणत. जगात किती पट्ट्या आहेत हे मला ठाऊक नव्हते, तरी मी ते लगेच खरे मानले.

आता तुम्ही विचाराल, सूर्यावर कसला ढग? तो पावसाचा नव्हे. सूर्य अधूनमधून उसळतो आणि विजेने भारलेल्या तापलेल्या वायूचा प्रचंड लोट बाहेर फेकतो. आमच्या कार्यालयात त्याला नुसता ‘ढग’ म्हणायची पद्धत होती. तो माणसाला भाजत नाही की घराची कौले उडवत नाही. पण तो पृथ्वीवर आदळला की होकायंत्राच्या सुया थरथरतात आणि मैलोनमैल पसरलेल्या विजेच्या तारांमध्ये नको असलेला प्रवाह शिरतो. तो प्रवाह विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये गेला तर ट्रान्सफॉर्मर आतून तापून जळू शकतो. एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर काही दुकानात टांगून ठेवलेला नसतो. नवा तयार होऊन यायला वर्षही लागते, आणि तोवर सगळ्या शहराने अंधारात बसायचे. म्हणून ढग किती वाजता येणार हे आधी कळावे लागते. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे. त्या लांबीमुळे जो वेळ हाती मिळतो, तेवढाच आपला.

मला केले ते मोठ्या सरांनी. तेव्हा ते मोठे नव्हते, चांगले तिशीचे होते आणि डोक्यावर केस होते. शहराच्या कडेला एका तीन मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांचे कार्यालय होते. दोन खोल्या, चार टेबले, एक भिंतीवरचे घड्याळ. आकाशात फिरणाऱ्या यानाने काढलेली सूर्याची चित्रे तिथे छापून येत. लागोपाठच्या दोन चित्रांत ढगाची कड किती सरकली ते सर कर्कटकाने मोजत, त्यावरून वेग काढत, आणि मग कागदावर भागाकार मांडत. भागाकार करताना कोणी दार वाजवले की हातचा विसरत. शिवाय नुसता भागाकार करून भागत नव्हते. सूर्यापासून सतत एक वारा वाहत असतो. वेगाने सुटलेला ढग त्या वाऱ्यात अडखळून मंदावतो, आणि रेंगाळणाऱ्याला तोच वारा पुढे ढकलतो. कोण किती मंदावतो हे पुस्तकात नव्हते. ते सरांच्या वहीत होते. आधी येऊन गेलेल्या चाळीस ढगांची त्यांनी नोंद ठेवली होती, कधी सुटला, कुठल्या वेगाने सुटला आणि कधी पोचला.

त्या चाळीस नोंदी म्हणजे मी. सरांनी इमारतीच्या सुताराला गाठले. सुताराने एका मोडीत निघालेल्या कपाटाची फळी काढून दिली. वीस वर्षे मुरलेले लाकूड आहे, आता ते वाकायचे नाही, असे तो म्हणाला, आणि खरेच मी आजतागायत वाकलेली नाही. त्याने फळीला लांब खाच पाडली आणि त्या खाचेत मागेपुढे सरकणारी एक बारीक पट्टी बसवली. वरच्या कडेला वेग, खालच्या कडेला तास. आकडे सरांनी स्वतः बारीक टाकाने लिहिले. त्याला अकरा दिवस लागले आणि एक आठ चुकून तीनसारखा झाला, तो तसाच राहिला.

आकडा नेमका वाचता यावा म्हणून माझ्यावर सरकणारी एक काच आहे. तिच्या मधोमध बारीक रेघ हवी होती. शाई पसरली, दोरा जाड पडला. सर घरी चिडचिड करत बसले होते. तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, आपला एक लांब केस उपटला आणि हा बघा होतो का, म्हणून पुढे केला. तो झाला. पितळेच्या दोन खिळ्यांत ताणून बसवलेला तो केस आजही माझ्या काचेखाली आहे. पुढे सर रोज उशिरा घरी जाऊ लागले तेव्हा काकू मला ‘सवत’ म्हणू लागल्या. माझाच केस माळून बसलीय आणि माझ्याच नवऱ्याला सोडत नाही, असे त्या आल्यागेल्याला सांगत. काकूंचे केस पुढे पिकले, मग पांढरे झाले. माझ्यातला मात्र काळाच राहिला. त्या कधी कार्यालयात आल्या की मला हातात घेऊन तो केस बघत बसत.

कार्यालयात माणसे फार नव्हती. तळघरात चुंबकाच्या सुया टांगलेली एक खोली होती. ढग आदळला की त्या सुया हलत आणि वर कागदावर त्यांची रेघ उमटे. त्या खोलीत लोखंडाचा कणही न्यायची बंदी, नाहीतर सुया उगाच भरकटायच्या. तिची देखभाल करणाऱ्यांना सगळे ‘सुईवाले’ म्हणत. त्यांच्या चपलेला खिळा नव्हता, सदऱ्याला धातूचे बटण नव्हते, आणि विजारीला पट्टा नको म्हणून ते नाडी बांधत. ऐन घाईच्या वेळी ती नाडी सुटे आणि ते एका हाताने विजार सावरत, दुसऱ्या हाताने कागद नाचवत जिना चढून येत.

नंतर काही वर्षांनी धाकट्या बाई आल्या. शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या, बोलायला कमी, कागदावर वाकल्या की जेवण विसरणाऱ्या. वयाने सर्वांत लहान म्हणून त्यांना धाकट्या बाई म्हणू लागले. आता त्यांच्या कपाळावर आठ्या आहेत आणि मुलगा कॉलेजात जातो, पण नाव बदललेले नाही. सरांनी त्यांना पहिल्या दिवशी मला हातात दिले आणि मी कशी वाचायची ते शिकवले. त्यांनी मला चुकून उलटे धरले होते. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, पण तुम्हाला सांगते.

आमच्या कार्यालयाची एक रीत होती. बिस्किटांचा एक रिकामा डबा कपाटावर असे. ढग सुटल्याची बातमी आली की प्रत्येकाने तो किती वाजता पोचेल याचा आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, कोणाला न दाखवता घडी घालायची आणि डब्यात टाकायची. दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की आपला आकडा नकळत त्याच्याकडे सरकतो, असे सरांचे म्हणणे होते. बाहेर जो अंदाज जाई तो सरांचा, म्हणजे माझा. ढग आदळला की डबा उघडायचा. ज्याची चिठ्ठी सर्वांत लांब पडली त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. सुईवाल्यांचा चहा मी इतक्या वेळा होताना पाहिला की त्यांना शेवटी बरा जमायला लागला. सरांवर ती पाळी क्वचित येई. माझ्यामुळे, हे वेगळे सांगायला नको.

ते माझे सुखाचे दिवस होते मित्रांनो. सकाळचे ऊन टेबलावर येई. सर चष्मा कपाळावर चढवून मला हातात घेत, सरकपट्टी हळूच पुढे लोटत, काच केसाबरोबर आकड्यावर आणत, आणि मग तोंडातल्या तोंडात तास म्हणत. त्यांच्या अंगठ्याने माझी एक कड गुळगुळीत झाली आहे. एकदा मी त्रेपन्न तास सांगितले आणि ढग त्रेपन्न तास दहा मिनिटांनी आला. त्या दिवशी वीजकेंद्रातून वीजवाले साहेब स्वतः आम्हाला बघायला आले. शहराला वीज पुरवणाऱ्या तारांची आणि ट्रान्सफॉर्मरची जबाबदारी त्यांच्यावर होती. धिप्पाड माणूस, हात वाघाच्या पंज्यासारखे. त्यांनी मला दोन बोटांत इतके जपून धरले की मला हसू आले. तेव्हापासून फोनवर त्यांचा पहिला प्रश्न एकच असे. ‘सर, पट्टी काय म्हणते?’ खरे सांगते, त्या प्रश्नाने माझे नाक वर झाले. कोपऱ्यात संगणक आला, तोही भराभरा आकडे सांगू लागला, तरी सर त्याच्या उत्तरावर माझ्याकडून खात्री करून घेत. मी मनात म्हणत असे, बघ बाबा, वय कामाला येते.

मग एक वर्ष वाईट गेले. एक मोठा ढग सुटला. मी बेचाळीस तास सांगितले. वीजवाले साहेबांनी दिवसभर अर्ध्या शहराची वीज कमी केली, कारखाने थांबवले, माणसे जागोजागी उभी केली. आणि ढग आलाच नाही. तो पृथ्वीच्या शेजारून निघून गेला. सुया जागच्या हलल्या नाहीत. ढग आपल्या दारात येणार की शेजारून जाणार, हे मला कोणी विचारले नव्हते आणि मला ते सांगताही येत नाही. पण बोल लागला तो आम्हालाच. कारखानदार वीजवाले साहेबांच्या अंगावर धावून गेले. त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना सर्वांसमोर झापले. त्यांनी सरांना फोन केला. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले की सर, पुन्हा एकदा असे झाले तर या कार्यालयाचे फोन घेऊ नका असा हुकूम मला वरून येईल, आणि मग मला काहीच करता येणार नाही.

तो फोन ठेवल्यावर सर बराच वेळ माझी काच पुशीत बसले. त्यांना निवृत्त व्हायला तेव्हा दोन वर्षे उरली होती. तीस वर्षे ज्या कामात घातली, त्या कामाचे कोणी ऐकेनासे झाले तर मागे काय उरणार, हा घोर त्यांना लागला. त्यानंतर ते प्रत्येक आकडा माझ्यावर तीन तीनदा बघू लागले.

आणि आता ती सकाळ सांगते, जिच्यासाठी मी एवढे बोलत बसले.

त्या आठवड्यात सूर्यावरच्या एकाच डागातून आधीच दोन ढग सुटले होते, दोन्ही किरकोळ. दोन्ही पृथ्वीला घासून गेले, सुया जराशा हलल्या. पण दुसरा माझ्या आकड्यापेक्षा नऊ तास आधी आला. डबा उघडला तर धाकट्या बाईंची चिठ्ठी सर्वांत जवळ आणि सरांची सर्वांत लांब निघाली. सरांनी चहा केला. साखर जास्त पडली. सुईवाल्यांनी दोन कप पिऊन मनसोक्त चिडवून घेतले. एखादा आकडा चुकतो, असे म्हणून सरांनी मला खणात ठेवले. मीही तेच म्हटले. चाळीस ढगांत एखादा वाह्यात निघायचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सर आले तेव्हा टेबलावर नवी चित्रे पडली होती. आदल्या संध्याकाळी सातला त्याच डागातून तिसरा ढग सुटला होता, आणि तो थेट आपल्या दिशेने होता. सरांनी कर्कटक लावले. वेग निघाला सेकंदाला तेवीसशे किलोमीटर. एवढा वेग माझ्या अगदी टोकाला आहे. तिथे माझ्या खुणा विरळ आहेत, कारण चाळीसपैकी दोनच ढग एवढ्या वेगाचे होते. सरांनी मला तीनदा लावले. तिन्ही वेळा मी एकतीस तास सांगितले. म्हणजे त्या दिवशीची मध्यरात्र उलटल्यावर दोन वाजता.

सरांनी वीजकेंद्राला फोन केला. वीजवाले साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून सुटकेचा निःश्वास सोडला. शहरात वीज आणणाऱ्या दोन मोठ्या लाइन. त्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती आणि तिच्या मनोऱ्यांवर त्यांची माणसे तारा बदलत होती. सगळा भार दुसऱ्या लाइनवर आणि तिच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर आला होता. त्यात ढग आदळला असता तर तो ट्रान्सफॉर्मर जळालाच असता. पण रात्री दोनपर्यंत वेळ होता. संध्याकाळी काम संपवून नऊला लाइन चालू करतो, असे ते म्हणाले.

साडेआठला धाकट्या बाई आल्या. त्यांनी चित्रे पाहिली, संगणकावरचे आकडे पाहिले आणि पर्स खांद्यावरून न काढताच खाली बसल्या. पृथ्वीच्या पुढे, सूर्याच्या वाटेवर एक यान पहाऱ्याला उभे असते. ते तिथला वारा मोजते. ते ढगाची हाक देते तेव्हा हातात जेमतेम अर्धा तास उरतो, म्हणून नुसते त्याच्यावर विसंबता येत नाही. बाई त्याच यानाचे आकडे बघत होत्या. वारा नेहमीच्या मानाने फारच विरळ झाला होता. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर काहीतरी मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग एक चिठ्ठी लिहिली. घडी घातली. उठून कपाटापर्यंत गेल्या, डब्याचे झाकण उघडले, आणि तशाच परत फिरल्या.

त्यांनी चिठ्ठी उघडून सरांसमोर ठेवली. इतक्या वर्षांत असे कोणी केले नव्हते.

‘ही डब्यात टाकता येणार नाही, सर,’ त्या म्हणाल्या. ‘डबा उघडेपर्यंत फार उशीर होईल.’

चिठ्ठीवर लिहिले होते, आज दुपारी तीन.

सरांनी मला उचलले. चौथ्यांदा लावले. मी पुन्हा एकतीस सांगितले. दुसरे काय सांगणार? सरांनी मला बाईंपुढे धरले आणि बघा, एवढेच म्हटले. बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत हेटाळणी असती तर मला बरे वाटले असते, निदान रागावता आले असते. पण तशी ती नव्हती.

‘पट्टी बरोबर आहे, सर. पण ती प्रत्येक ढग एकटा येतोय असं धरून चालते. आधीच्या दोघांनी वाट झाडून नेलीय. याला अडवायला पुढे वाराच उरलेला नाही. गर्दी बाजूला झालेल्या रस्त्यावरून गाडी सुटावी तसा तो येणार.’

मित्रांनो, माझ्या लाकडात त्या क्षणी चर्र झाले. कारण ते खरे होते. सरांच्या वहीतले चाळीसही ढग एकेकटे आलेले होते. एकामागून एक तीन, असे त्या वहीत एकदाही नव्हते. जे वहीत नाही ते माझ्यात नाही. आणि मला काही ठाऊक नाही हे मला ठाऊकच नव्हते. आदल्या दिवशीचे नऊ तास हीच खूण होती. मी ती वाह्यात म्हणून सोडून दिली, आणि सरांनीही.

सरांनी घड्याळाकडे पाहिले. सुईवाले दारात येऊन उभे राहिले होते. काम अर्धवट सोडून लाइन पुन्हा जोडायची तर वीजकेंद्राला पाच तास लागतात, हे सगळ्यांना माहीत होते. म्हणजे दहाच्या आत सांगायला हवे. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. बाईंचे म्हणणे खरे असेल आणि सांगितले नाही, तर ट्रान्सफॉर्मर जाणार. ते खोटे ठरले, तर तीन दिवसांचे काम वाया गेले म्हणून वीजकेंद्र बोंब मारणार, आणि मग या कार्यालयाचा फोन पुन्हा कोणी उचलणार नाही. सरांनी विचारले, किती तास? बाई म्हणाल्या, वीस, फार तर एकवीस. सरांनी विचारले, खात्री? बाई म्हणाल्या, नाही सर, खात्री नाही, पण मी एकतीसवर सही करणार नाही.

मग सरांनी मला खाली ठेवले. खणात नाही, टेबलावरही नाही, खुर्चीच्या कडेला, आपल्या मांडीशेजारी. आणि फोन उचलला. बाईंनी हात पुढे केला होता. आकडा त्यांचा होता, सांगायचा तर त्यांनीच सांगावा असे त्यांना वाटले असेल. सरांनी मान हलवली. चुकला तर तो आपल्या नावावर चुकावा, असे त्यांच्या मनात होते हे मी त्यांच्या अंगाशेजारी पडून ओळखले.

‘सकाळी मी सांगितलं ते चुकलं होतं,’ सर फोनवर म्हणाले. ‘तो दुपारी तीनच्या सुमारास येतोय. तुमची माणसं खाली उतरवा आणि लाइन जोडा.’

 पलीकडून वीजवाले साहेबांनी तोच प्रश्न विचारला. सर, पट्टी काय म्हणते?

सरांनी एकदा खाली माझ्याकडे पाहिले. तीस वर्षांत त्यांनी मला शेकडो वेळा पाहिले होते, पण असे नाही. घरातल्या कोणाची तरी माफी मागावी तसे.

‘पट्टी रात्री दोन म्हणते,’ ते म्हणाले. ‘मी दुपारी तीन म्हणतोय.’

फोन ठेवला गेला. मला खूप लागले, मी खोटे सांगणार नाही. मला ज्याने घडवले त्याने मला सर्वांसमोर बाजूला सारले होते. त्याच्यावर रागवावे की स्वतःवर, हे मला कळेना. पण त्याच वेळी मी मनापासून एक गोष्ट मागत होते, आणि ती म्हणजे मी चुकलेली असू दे. मित्रांनो, असे मागताना किती जड जाते ते तुम्हाला कधीतरी कळेल.

त्या दिवशी कोणी जेवले नाही. सरांनी सकाळपासूनचा एकच कागद दहा वेळा घडी घालून उघडला. अकराला वीजकेंद्रातून निरोप आला की माणसे उतरली. एकला निरोप आला की अजून दोन मनोरे बाकी आहेत. बाई पहाऱ्यावरच्या यानाच्या आकड्यांवरून नजर हलवीनात. दोन वाजून पाच मिनिटांनी लाइन जोडली. दोन वाजून दहा मिनिटांनी यानाची हाक आली. आणि दोन वाजून अडतीस मिनिटांनी तळघरातून सुईवाले एका हाताने विजार सावरत जिना चढून आले. त्यांना काही बोलावे लागले नाही. भिंतीजवळच्या कागदावरची रेघ कड सोडून बाहेर गेली होती.

त्या संध्याकाळपर्यंत तारांमधून तो चोरटा प्रवाह वाहत राहिला. वीजवाले साहेब नंतर सांगत होते की ट्रान्सफॉर्मर असा घुरघुरत होता की शेजारी उभे राहवेना. पण भार दोन लाइनमध्ये वाटला गेला होता आणि तो टिकला. शहरात दिवे लागले. कोणाला काही कळलेही नाही. सहाला साहेबांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले की तुमचा फोन आम्ही कधीही घेऊ, सर. सरांनी फोन बाईंच्या हातात दिला. हा तुमचा, एवढेच म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटते ते रडत होते, पण काकूंना त्यांनी सर्दी झाल्याचे सांगितले.

त्यानंतर माझे काम कमी झाले. बाईंनी एकामागून एक येणाऱ्या ढगांसाठी नवा हिशेब बसवला, तो संगणकात गेला. मी खणात पडून राहू लागले. कधी माझ्यावर चहाचा कप ठेवला गेला, त्याचे एक वर्तुळ अजून आहे. खणात अंधार असतो, आणि कागदांखाली दबून पडले की बाहेरचे आवाज लांबून येतात. सर बोलताना ऐकू येत, पण मला हाक मारीत नसत. मला वाटले, ते माझ्यावर नाराज आहेत. तीस वर्षांचा सहवास एका दुपारी संपला, असे समजून मी गप्प झाले.

निवृत्तीच्या दिवशी सगळे निरोप घेऊन गेल्यावर सरांनी खण उघडला. कोरड्या फडक्याने मला पुसले. काच पुसली, काकूंचा केस नीट आहे ना ते पाहिले. मग मला उलटे केले. माझी पाठ तोवर कोरीच होती. सरांनी तोच बारीक टाक काढला, ज्याने त्यांनी माझे आकडे लिहिले होते. आता लिहिताना त्यांनी मनगट टेबलावर टेकवले. अर्धा तास ते लिहीत होते. मग मला धाकट्या बाईंच्या टेबलावर ठेवले, पिशवी उचलली आणि गेले.

बाईंनी मला दुसऱ्या दिवशी वाचले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही. आता त्या कार्यालयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मला हातात देतात, आधी पुढून आकडा काढायला लावतात आणि मग उलटायला सांगतात. माझ्या पाठीवर सरांच्या अक्षरात लिहिले आहे: ‘ही पट्टी चाळीस ढगांवरून केली आहे. एकेचाळिसावा तसाच असेल असे नाही. वाट मोकळी असेल तर हिचे ऐकू नका.’

स्वतः केलेल्या वस्तूवर स्वतःच्या हाताने असे लिहायला माणूस किती मोठा असावा लागतो, हे मला खणातल्या अंधारात कळले नव्हते. ते रागावलेले नव्हतेच. माझ्यावर एकच गोष्ट लिहायची राहिली होती, आणि ती लिहायला त्यांना दीड वर्ष लागले.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शाळेत एखादी जुनी, आकडे लिहिलेली वस्तू असेल. तिला मोडीत काढू नका आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. आणि कोणी वडीलधारे माणूस तुमच्यासमोर ‘माझे चुकले’ म्हणाले तर हसू नका, त्याच्याजवळ जाऊन बसा. माझे म्हणाल तर मी आता थकले आहे, शाई फिकी झाली आहे. कधी इथे आलात तर मला जरूर हातात घ्या. पुसायचे असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. पुढचे आकडे गेले तरी चालतील, मागची ओळ पुसू देऊ नका.